कोपराचा सांधा बदलताना ट्रायसेप्स सोडवावा की जागेवर ठेवावा?

मोडलेल्या कोपराला प्लेट लावायची की सांधा बदलायचा, हा प्रश्न तुम्ही सोडवून आला आहात असं धरून लिहितो. रुग्ण सत्तरीच्या पुढची आहे. ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, खालच्या टोकाचे सात-आठ तुकडे झालेत, हाड खडूसारखं ठिसूळ आहे आणि सीटी कितीही फिरवून पाहिला तरी स्क्रू कुठे धरेल ते सापडत नाही. जखम उघडी नाही. आयुष्यभर पाळायची वजनाची मर्यादा घरच्यांना समजावून झाली आहे. आता उरतो तो आदल्या रात्रीचा प्रश्न. ट्रायसेप्स, म्हणजे कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू, अल्नावरून, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडावरून, सोडवून सांधा उघडायचा, की तो जागेवर ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंनी आत जायचं?

मागच्या आठवड्यात माझ्याकडे काम करून गेलेल्या एका मुलाने फोनवर हेच विचारलं. आता तो तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवतो, आणि कोपराचा हा त्याचा पहिलाच सांधेबदल. मी गडबडीत होतो, उत्तर तुटक दिलं गेलं. ते इथे सावकाश लिहितो. रुग्णाचे नातेवाईक वाचत असतील तर त्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. ऑपरेशननंतरचे सहा आठवडे त्यांच्या घरात जायचे असतात.

आधी एक सांगून ठेवतो. कोपराचे सांधेबदल माझ्या हातून ढिगाने झालेले नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला दोन, फार तर तीन. पहिली काही वर्षं मी ट्रायसेप्स सोडवत होतो, नंतर ठेवायला लागलो. मी सांगतो ते या एवढ्या अनुभवावरून. मोठ्या केंद्रात आठवड्याला एक कोपर करणाऱ्या शल्यकाचं मत वेगळं असू शकतं, आणि त्याच्या हातात ते बरोबरही असेल.

ट्रायसेप्स सोडवण्याची जी पद्धत आपण बहुतेक जण शिकलो, ती ब्रायन आणि मॉरी यांनी १९८२ साली मांडली. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकची. आपल्याकडे परिचयाचा असलेला कूनराड-मॉरी सांधा त्याच घरातला असल्यामुळे कार्यशाळेत सांध्याबरोबर तीच पद्धत शिकवली जाते. कोपराच्या आतल्या बाजूची अल्नर नर्व्ह मोकळी करायची, मग ट्रायसेप्स, अल्नावरचं पेरिऑस्टियम, म्हणजे हाडावरचं आवरण, आणि अँकोनियस हा छोटा स्नायू असं सगळं एका सलग पदरासारखं आतून बाहेरच्या बाजूला उचलत न्यायचं. पदर बाजूला गेला की कोपर पुस्तकासारखं उघडतं. ह्यूमरसचा कालवा, म्हणजे हाडाच्या आतली पोकळी, समोर, अल्नाचा कालवा समोर. रास्प, म्हणजे कालवा रुंदावणारी कानस, सरळ आत जातो, सिमेंटची नळी सरळ आत जाते, आणि सहाय्यकालाही काय चाललंय ते दिसतं. शेवटी ऑलेक्रेनॉनला, म्हणजे अल्नाच्या कोपरामागच्या टोकाला, फुलीसारखी तिरपी दोन आणि एक आडवं अशी भोकं पाडून पाच नंबरच्या न विरघळणाऱ्या धाग्याने ट्रायसेप्स परत बसवायचा. शिकायला आणि शिकवायला याहून सोपी पद्धत मला माहीत नाही. अल्नाचा स्टेम, म्हणजे सांध्याचा हाडात जाणारा दांडा, कालव्यात मधोमध बसलाय याची खात्री तिथे डोळ्यांना होते.

दुसरी वाट त्याहून जुनी आहे. आलोन्सो-यामेस यांनी १९७२ साली ती मुलांच्या सुप्राकॉन्डायलर, म्हणजे कोपराच्या जरा वरच्या, फ्रॅक्चरसाठी लिहिली. ट्रायसेप्सच्या आतल्या कडेने एक खिडकी, बाहेरच्या कडेने दुसरी, आणि ऑलेक्रेनॉनवर तो जिथे चिकटलेला असतो तिथे हातही लावायचा नाही. त्या मुलांच्या आज्या शोभतील अशा बायकांसाठी मी ती वापरतो. फ्रॅक्चरमध्ये ती का जमते त्याचं कारण सरळ आहे. मोडलेले कॉन्डाइल, म्हणजे ह्यूमरसच्या खालच्या टोकाचे उंचवटे, तुम्ही काढूनच टाकणार असता. ते तुकडे निघाले की तिथे मूठभर पोकळी होते आणि त्या पोकळीतून काम करता येतं. संधिवाताच्या कोपरात कॉन्डाइल शाबूत असतात, त्यामुळे ही जागा आयती मिळत नाही. म्हणून संधिवाताच्या रुग्णांवर शिकलेल्या मंडळींना ही वाट अवघड वाटते, आणि ते साहजिक आहे.

कॉन्डाइल काढायला हात धजावत नाही, हेही मी पाहिलंय. त्यांच्यावर मनगटाचे आणि बोटांचे स्नायू उगम पावतात, मग मुठीची ताकद जाईल अशी भीती वाटते. कॅनडातल्या मॅकी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे तपासलं, तेव्हा कॉन्डाइल काढलेल्या आणि ठेवलेल्या हातांत फारसा फरक दिसला नाही. सांधा जोडबिजागरीचा असल्यामुळे लिगामेंटवाचूनही तो स्थिर राहतो. बिजागरीला सुमारे सात अंशांची बाजूची सैल हालचाल मुद्दाम ठेवलेली असते, त्यामुळे सगळा पीळ सिमेंटवर येत नाही. माझ्या रुग्णांत मुठीची तक्रार घेऊन कोणी आलेलं नाही.

इथपर्यंत दोन्ही पारडी सारखीच वाटतील. माझं पारडं एका आजींनी झुकवलं.

वय साधारण सत्तर, शेतकऱ्याच्या घरातल्या. न्हाणीघरात पाय घसरून डाव्या कोपरावर पडल्या. सांधा मी बदलला, ब्रायन-मॉरी पद्धतीने, पुस्तकात आहे तसा. टाके चांगले भरले. तीन महिन्यांनी आल्या तेव्हाचा एक्स-रे मी विद्यार्थ्यांना दाखवावा इतका छान होता. दुखणं नाही. कोपर पंचवीस अंशांपासून एकशेतीसपर्यंत वाकत होतं. मेयो स्कोअर, म्हणजे कोपर किती चांगलं चालतं त्याचे गुण, मांडला तर शंभरपैकी शंभर. मी समाधानाने कागद पुढे ओढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, दुखत न्हाई. पण हात वर धरला की आपसूक तोंडावर येतोय."

त्यांना टेबलावर झोपवलं, हात छताकडे करायला सांगितला. दंड सरळ उभा राहिला आणि कोपरापासून खालचा हात लुळ्यासारखा चेहऱ्यावर आला. दुसऱ्यांदा करायला सांगितलं तर त्यांनी आधीच उजव्या हाताने तो धरला. सवयच झाली होती. मग एकेक निघालं. फळीवरचा डबा काढता येत नाही, कणीक मळताना जोर लागत नाही, भाकरी थापायची तर उजव्याच हाताने. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जमिनीवरून उठता येत नाही. दोन्ही गुडघे झिजलेले, त्यामुळे बसताना-उठताना त्या आयुष्यभर हात टेकत आलेल्या. आता हात टेकला की कोपर दुमडायचं. सून उठवायची तेव्हा उठायच्या. सून शेतात गेली की ती येईपर्यंत बसून राहायच्या.

ट्रायसेप्स सुटला होता. कधी, तेही त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात रात्री लघवीला उठताना कॉटवर हात टेकला तेव्हा "काहीतरी सरकलं" होतं. दुखलं नाही म्हणून बोलल्या नाहीत. पुन्हा ऑपरेशन करून तो शिवता येईल, असं मी सुचवलं. त्या नको म्हणाल्या, आणि त्यांच्या जागी मीही नको म्हटलं असतं.

मेयो स्कोअर कसा मांडतात ते आठवून पाहा. पंचेचाळीस गुण दुखण्याला, वीस हालचालीला, दहा स्थैर्याला, पंचवीस रोजच्या कामांना. ही कामं पाच: केस विंचरणं, जेवणं, स्वतःची स्वच्छता, सदरा घालणं, बूट घालणं. मान खाली घालून केस विंचरता येतात. बाकीची चार कामं कोपर वाकवण्याची. त्यात ढकलण्याचं काम एकही नाही. हात टेकून उठणं, कणीक मळणं, जात्याचा खुंटा ढकलणं, फळीवर हात पोचवणं, या सगळ्याला ट्रायसेप्स लागतो आणि स्कोअरमध्ये त्यासाठी एकही गुण नाही. खुर्ची, पलंग आणि टेबलाभोवती जगणाऱ्या माणसाला हे कदाचित पुरत असेल. जमिनीवर बसून-उठून जगणाऱ्या घरात पुरत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक कोपराच्या रुग्णाला मी टेबलावर झोपवून हात छताकडे धरायला सांगतो. स्कोअर नंतर मांडतो.

ट्रायसेप्स सुटणं ही मेयोच्या मंडळींनी लपवलेली गोष्ट मुळीच नाही. २००५ साली त्यांनीच त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. दोष पद्धतीचा म्हणून मी सांगत नाही. उचललेला पदर सगळ्यात पातळ असतो तो नेमका ऑलेक्रेनॉनच्या टोकाशी, आणि म्हाताऱ्या हाडावर तिथे पेरिऑस्टियम कागदासारखं असतं. तरी नीट बसवला आणि सहा आठवडे ताण येऊ दिला नाही तर तो धरतो. पहिल्या वर्षांतल्या माझ्या इतर रुग्णांचे धरले.

पण ते सहा आठवडे. माझ्यासाठी सगळं तिथे ठरलं. कोपर स्वतःच्या जोराने सरळ करायचं नाही, हात टेकायचा नाही, ढकलायचं नाही. डिस्चार्ज कार्डावर हे एका ओळीत मावतं. घरी मात्र गुडघे गेलेली बाई आहे, भारतीय पद्धतीचा संडास आहे, रात्री दोनदा उठावं लागतं, आणि पडल्यामुळे हातात काठी किंवा वॉकर आलेला आहे. वॉकर धरायचा म्हणजेच दोन्ही ट्रायसेप्सवर भार द्यायचा. एका बाजूने आपण वॉकर देतो आणि दुसऱ्या बाजूने त्याच हाताला ढकलायची बंदी करतो. मी कितीही समजावलं तरी अर्धवट झोपेत तोल जाताना हात आपोआप टेकला जातो. तो टेकू नये अशी अपेक्षा करणंच मला चुकीचं वाटायला लागलं. एखाद्या ऑपरेशनचं यश सत्तरीच्या बाईने सहा आठवडे आपलं शरीर आवरण्यावर अवलंबून असेल, तर ते ओझं मी उचलावं, तिने नव्हे. ट्रायसेप्स जागेवर ठेवला की ते माझ्याकडे येतं. टेबलावर मला तासभर जास्त झगडावं लागतं. घरी तिला झगडावं लागत नाही.

तो झगडा अल्नाशी असतो, आणि तो लपवून ठेवणं बरोबर होणार नाही. ह्यूमरसचं काम सोपं. तुकडे निघाले की शाफ्टचं, म्हणजे हाडाच्या उरलेल्या लांब भागाचं, टोक खिडकीतून बाहेर घेता येतं. अल्ना मात्र ट्रायसेप्सला लटकलेली असते. रास्प कालव्याच्या सरळ रेषेत धरायचा म्हटलं की ऑलेक्रेनॉनचं टोक आणि ट्रायसेप्सचा दोर मुठीला पुढे लोटतात. मूठ पुढे गेली की टोक मागच्या भिंतीकडे वळतं. अल्ना मुळात सरळ नळी नाही. तिला स्वतःचा बाक आहे, आणि आपल्याकडच्या लहानखुऱ्या बायकांत कालवा इतका अरुंद असतो की चूक खपत नाही. भिंत फुटली तर सिमेंट बाहेर, स्टेम तिरका, आणि पुढे कधीतरी तो सैल होणार. सुरुवातीच्या एका केसमध्ये माझा स्टेम मला हवा होता त्याहून तिरका बसला. त्या बाईंना आजवर त्रास नाही, पण त्यांचा एक्स-रे लावताना माझं लक्ष दर वेळी तिथेच जातं.

पुढे हात बसला तो काही साध्या गोष्टींनी. रुग्ण उताणी, हात छातीवर आडवा. अल्नर नर्व्ह सगळ्यात आधी शोधायची, पुढे आणून ठेवायची, आणि ऑपरेशनआधी बोटांत मुंग्या होत्या का ते केसपेपरवर लिहिलेलं असायला हवं. दोन्ही खिडक्या पुरेशा वर न्यायच्या, पण बाहेरच्या बाजूने वर जाताना रेडियल नर्व्ह विसरायची नाही. लॅटरल एपिकॉन्डाइलच्या, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याच्या, साधारण दहा सेंटिमीटर वर ती स्नायूंमधला पडदा ओलांडते. कॉन्डाइलचे तुकडे आधी सगळे काढायचे. अर्धे ठेवून काम करू पाहणारा अडकतो. त्यातलाच एक चांगला तुकडा ओल्या कापडात जपायचा. सांध्याच्या ह्यूमरसकडच्या भागाला असलेल्या पुढच्या पाकळीमागे पातळ पाचर म्हणून तो लागतो.

मग अल्ना. आतल्या खिडकीतून पुढचा हात पूर्ण उताणा करत, म्हणजे जोरात सुपिनेट करत फिरवला की अल्नाची सिग्मॉइड खाच तुमच्याकडे तोंड करते. कॉन्डाइल नसल्यामुळे तिला अडवायला काही उरलेलं नसतं. ऑलेक्रेनॉनचं अगदी टोक ट्रायसेप्सच्या चिकटलेल्या भागाला धक्का न लावता खालून कुरतडायचं. तेवढ्याने रास्पच्या मुठीला जागा मिळते. पहिला रास्प सगळ्यात लहान. ट्रायल, म्हणजे मापाचा तात्पुरता सांधा, बसवली की सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली दोन्ही बाजूंनी फोटो घेतल्याशिवाय सिमेंट कालवायचं नाही. हे मी नियम म्हणून पाळतो. ब्रायन-मॉरीत फोटो सोय म्हणून घेतात, इथे तो डोळ्यांची जागा घेतो. आणि कंपनीच्या माणसाला एक्स्ट्रा स्मॉल अल्नाचा सेट आणायला आधीच सांगायचं. ऐन वेळी "सर, स्मॉलच आहे" हे उत्तर मी एकदा ऐकलंय.

ह्यूमरसचं वळण ठरवताना कॉन्डाइलचा आधार नसतो. शाफ्टची मागची सपाट बाजू बघून फिरवायचं. खोली पिनपर्यंत पुरेल इतकी ठेवून बिजागरी जोडायची आणि सिमेंट ओलं असतानाच ह्यूमरसचा भाग शेवटपर्यंत ठोकायचा. सांधा जोडून झाल्यावर कोपर सरळ करून पाहिलं की ट्रायसेप्स दोरीसारखा ताणलेला हाताला लागतो. ब्रायन-मॉरीत या घडीला शिवण सुरू व्हायची. इथे कातडी बंद करायला घेतो.

जखमेबद्दल माझा अनुभव असा की ट्रायसेप्स ठेवलेल्या कोपरांत ती कमी पाझरते. कोपराच्या मागे कातडीखाली लगेच हाड असतं. तिथला सलग पदर उचललेला नसला की खालचं आवरण टिकून राहतं, असं मला वाटतं. आकडे मांडून मी हे सिद्ध करू शकणार नाही. मात्र कॉन्डाइल काढलेल्या पोकळीत रक्त साचतं, म्हणून ड्रेन ठेवतो आणि दोन दिवस हात उंच टांगून सरळ बांधतो.

बाकीच्या वाटांवर फार वेळ घालवत नाही. ट्रायसेप्स मधोमध चिरून जाण्याची जुनी पद्धत, ग्शवेंड यांची हाडाच्या पातळ पाकळीसकट चिरण्याची पद्धत, व्हॅन गॉर्डर यांची जिभेच्या आकाराची चीर, या सगळ्यांत कुठेतरी ट्रायसेप्स जोडावाच लागतो, आणि जोडला की ते सहा आठवडे परत आले. ओड्रिस्कॉल यांची अँकोनियस सोबत ठेवून ट्रायसेप्स वर उचलण्याची पद्धत, जिला सगळे ट्रॅप म्हणतात, दिसायला सुंदर आहे. तरुण रुग्णाच्या गुंतागुंतीच्या फ्रॅक्चरला प्लेट लावताना ती मला आवडते.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. सांधा बदलावा लागेल अशी जराही शंका असेल तर ऑलेक्रेनॉन कापू नका. शेव्हरॉन ऑस्टिओटॉमीने, म्हणजे ते हाड व्ही आकारात कापून, प्लेटसाठी सगळ्यात चांगलं दिसतं, मान्य. पण प्लेट धरेना आणि टेबलावर बेत बदलावा लागला तर अल्नाचा स्टेम बसवायचा तो कापलेल्या हाडात, आणि वर ते हाड पुन्हा बांधायचं. ही वेळ क्वचित येते असं समजू नका. मॅकी यांच्याच गटाने कॅनडातल्या अनेक रुग्णालयांत मिळून पासष्टीपुढच्या ४२ रुग्णांवर प्लेट विरुद्ध सांधेबदल अशी चाचणी केली आणि २००९ साली छापली. त्यात प्लेटच्या गटातल्या पाच जणांना टेबलावरच सांधा बदलावा लागला, कारण तुकडे धरण्यासारखे नव्हते. अनुभवी हातांची ही गोष्ट. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून सुरुवात केली असेल तर प्लेट लावता येते, सांधाही बदलता येतो. ट्रायसेप्स ठेवण्याच्या बाजूचं, आजींच्या गोष्टीनंतरचं, माझं हे दुसरं कारण.

आता मी आजही ट्रायसेप्स कधी सोडवतो ते सांगतो, नाहीतर हे लिखाण एकांगी होईल.

जुनं दुखणं असेल तेव्हा. पडल्यावर महिनोन्‌महिने लेप आणि पट्ट्या झालेल्या, मग कोपर नव्वद अंशांत गोठलेलं, कधी हाड हाडाला चिकटलेलं. अशा कोपराचे रुग्ण आपल्याकडे अजूनही येतात. कोलकात्याच्या बक्षी यांनी याच प्रकारच्या, जखमेनंतर गोठलेल्या किंवा डुगडुगणाऱ्या कोपरांसाठी स्वतःचा सैल बिजागरीचा सांधा बनवला आणि १९९८ साली त्याचे निकाल ब्रिटिश हाडांच्या जर्नलमध्ये दिले. आपल्या देशातलं हे काम तरुणांनी जरूर वाचावं. गोठलेल्या कोपरात ट्रायसेप्स स्वतःच आखडून हाडाला चिकटलेला असतो. तो सोडवल्याशिवाय कोपर वाकत नाही आणि अल्ना फिरत नाही. तिथे हट्टाने दोन खिडक्यांतून जाणारा माणूस अल्ना मोडेल. न जुळलेल्या फ्रॅक्चरची गोष्ट वेगळी. तिथे खालचा तुकडा काढून टाकता येतो आणि जागा मिळते, त्यामुळे मी ट्रायसेप्स ठेवतो.

दुसरं म्हणजे पहिलीच केस, हाताशी सी-आर्म नाही, आणि अल्ना बारीक. अशा वेळी तिरका स्टेम बसवण्यापेक्षा ब्रायन-मॉरी करून ट्रायसेप्स मन लावून शिवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. शक्य असेल तर रुग्णाला सी-आर्म असलेल्या ठिकाणी पाठवा.

नातेवाईकांसाठी थोडं. दोन्ही पद्धतींत वजनाची मर्यादा तीच: एका वेळी पाच किलो, आणि वारंवार उचलायचं असेल तर एक किलो, आयुष्यभर. भरलेली कळशी, पाण्याची बादली, नातवंड, हे त्या हाताने कधीच उचलायचं नाही. ट्रायसेप्स ठेवला म्हणून ही मर्यादा वाढत नाही. ती सिमेंटसाठी आहे, स्नायूसाठी नाही. फरक पहिल्या सहा आठवड्यांत पडतो. ट्रायसेप्स सोडवला असेल तर रात्री कोणीतरी जवळ झोपावं, कॉटची उंची वाढवावी, संडासात दुसऱ्या हाताच्या बाजूला कडी लावावी, आणि वॉकरऐवजी दुसऱ्या हातात काठी द्यावी. कोपर वाकवायचं स्वतःच्या जोराने आणि सरळ होऊ द्यायचं आपल्या वजनाने. ट्रायसेप्स ठेवला असेल तर पट्टी निघाल्यावर कोपर दोन्हीकडे हलवायला मी सांगतो, आणि जखम सुकली की हात टेकून उठायलाही हरकत घेत नाही. सगळे शल्यक इतकी मोकळीक देत नाहीत, तुमच्या डॉक्टरांना विचारा. रोजच्या कामांना तीस ते एकशेतीस अंशांची हालचाल पुरते, असं मॉरी यांनी १९८१ साली मोजून दाखवलं होतं. शेवटचे वीस-तीस अंश सरळ झाले नाहीत म्हणून मालिश करून घेऊ नका. हात छताकडे धरता येतो का ते बघा.

ट्रायसेप्स ठेवलेल्या माझ्या रुग्णांपैकी एक काकू परवा तिसऱ्या वर्षाच्या तपासणीला आल्या होत्या. त्यांचं कोपर पस्तीस अंशांच्या पुढे सरळ होत नाही, त्या शेतकरी आजींपेक्षा दहा अंश कमीच. खोलीत खुर्च्या भरलेल्या होत्या म्हणून त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. नाव पुकारल्यावर डावा हात टेकून उठल्या आणि आत आल्या.

काल त्या मुलाचा पुन्हा फोन आला. सेट बुधवारी येतोय, एक्स्ट्रा स्मॉलसकट. "आजींचे गुडघे कसे आहेत, विचारलंस का?" म्हटलं. तो जरा थांबला. म्हणाला, "विचारलं नाही सर. पण पडायच्या आधीपासून वॉकर आहे." मग ट्रायसेप्सला हात लावू नकोस, म्हटलं. आणि ट्रायल बसली की सिमेंटआधी अल्नाचे दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव, मी फोन जवळ ठेवतो.